वरची एक वाटी

दर शुक्रवारी संध्याकाळी फ्रिज आवरायचा, हा वहिनींचा नेम होता. आणि फ्रिज आवरताना त्यांचं डोकं फिरायचं, हा जणू फ्रिजचाच नेम. त्या शुक्रवारीही त्यांनी दार उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एकामागून एक चार डबे बाहेर काढले. एकात मंगळवारचा भात होता, वाळून खडखडीत झालेला. दुसऱ्यात कोबी, त्याला वास यायला लागला होता. तिसऱ्यात मसुराचं सूप, वर बुडबुडे. चौथ्याचं झाकण त्यांनी उघडलं आणि लगेच परत लावलं.

"चार डबे!" कुणालाच उद्देशून न बोलता, पण घरभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "बाजार उठायच्या वेळी जायचं, दबलेले टोमॅटो एकेक करून निवडायचे, ओझं चार मजले चढवायचं आणि मग ते चार दिवस गार करून फेकायचं! त्यापेक्षा तिथेच बाजारात टाकून आले असते, तर माझे जिने तरी वाचले असते."

बाहेरच्या खोलीत अभ्यास करणारी ताई आणि अभ्यास करतोय असं दाखवणारा खारू, दोघांनीही माना पुस्तकात घातल्या. आईचा हा सूर लागला की समोर जायचं नसतं, हे त्यांना शाळेत न जाताही कळलेलं होतं.

वहिनींना आई म्हणणारी माणसं जगात ही दोनच. बाकी सगळ्यांच्या त्या वहिनी. अठरा वर्षं त्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करत होत्या. रोज दुपारी तीनशे वीस ताटं वाढायची, आणि कारखान्यातल्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. तेच नाव घरापर्यंत आलं. त्यांचे यजमान लिफ्टची दुरुस्ती करायचे. दिवसभर दहा-दहा मजल्यांच्या इमारतींतून वरखाली करायचे आणि संध्याकाळी बिनलिफ्टच्या इमारतीत चार मजले पायांनी चढून घरी यायचे. "मिस्त्री, सगळ्या जगाला उचलून नेता आणि स्वतः धापा टाकता!" असं शेजारी म्हणायचे. मिस्त्री हसायचे. चौथ्या मजल्यावर हसायला दम उरत नसे, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच हसून घ्यायचे.

ताई बारा वर्षांची, हिशेबाला पक्की. खारू सात वर्षांचा. पावाचा मऊ भाग कुरतडून कडा सोडून द्यायची त्याला सवय, म्हणून खारूताईवरून त्याचं नाव खारू पडलेलं.

आणि पाचवं माणूस होतं, पण ते या घरात नव्हतं. वहिनींची आई. मुलांची आजी. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिचे गुडघे गेले होते. दोन वर्षांपूर्वी ती इथे आली, तेव्हा प्रत्येक जिन्यावर खुर्ची ठेवून तिला बसवत-उठवत वर आणलं, त्यात पाऊण तास गेला. मग दहा दिवस ती खिडकीशी बसून राहिली, कारण खाली जायचं म्हणजे पुन्हा तीच वरात. निघताना म्हणाली, "मला आता वर बोलावू नकोस गं. तूच येत जा." आणि यंदा थंडीत ती न्हाणीघरात पडली. शेजारीण दूध द्यायला आली, तोपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून होती. हे फोनवर सांगतानाही ती म्हणत होती, "काही नाही गं, थोडा मुका मार लागला." तेव्हापासून वहिनींच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती: आईला इकडे आणायचं.

मागच्या गल्लीत तळमजल्यावर तीन खोल्यांचं घर रिकामं होणार होतं. घरमालकीण शिवणकाम करायची. तिचे जुने भाडेकरू तीन महिन्यांनी जाणार होते. "तोवर विचार करा," ती म्हणाली होती, "पण त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दिवे लागायच्या आत, मला हो की नाही ते सांगा. मग मी दुसऱ्याला शब्द देईन."

मिस्त्री माणूस वाईट नव्हता, पण सावध होता. "अगं, प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते," ते म्हणाले होते. "एवढीच माणसं. त्यावर एक चढला की घंटा वाजते आणि दार लागत नाही. आपलं घरही तसंच आहे. तिथलं भाडं जास्त, आणि वर एका माणसाचं जेवण. हे दोन्ही तू स्वयंपाकघरातून वाचवून दाखव. तीन महिने. जमलं, तर मी स्वतः आईंना आणायला जातो."

"दाखवते," वहिनी म्हणाल्या होत्या. ज्या बाईनं तीनशे वीस माणसांचं जेवण अठरा वर्षं बेतात बसवलं, तिला चौघांचं काय अवघड?

त्यांनी खरोखरच जिवाचं रान केलं. फ्लॉवरचे दांडे सोलून भाजीत घातले. बटाट्याच्या साली मीठ लावून भाजल्या, त्या मुलांनी कुरकुरीत म्हणून संपवल्या. शिळ्या पावाचा चुरा करून त्यात अंडं आणि कांदा घालून टिक्क्या भाजल्या. मसुराला उकळी आली की गॅस बंद करून पातेलं जुन्या रजईत गुंडाळून ठेवलं. दोन तासांनी उघडावं तर मसूर मऊ शिजलेला. हे बघायला खारू रोज रजईजवळ कान लावून बसायचा. "आई, ते आत झोपलंय का?" वहिनी त्याला समजावून सांगायच्या, "झोपलं नाहीये रे, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही आपण. तू पांघरुणात कसा गरम राहतोस? तसं." एरवी त्यांना मुलांना असं शिकवायला फार आवडायचं. हल्ली मात्र सांगता सांगता त्यांचं लक्ष घड्याळाकडे आणि कॅलेंडरकडे जायचं.

कारण वाचलेले पैसे त्या चहाच्या रिकाम्या डब्यात टाकत होत्या, आणि पहिल्या महिन्यात त्यात जास्तीच्या भाड्यापुरते साठले. पण एका माणसाच्या जेवणाचे नाहीत. दुसऱ्या महिन्यातही तसंच. भाडं निघालं, जेवण नाही. दर वेळी तेवढाच खड्डा. जणू कुणीतरी रोज गुपचूप येऊन एका माणसाचं जेवून जात होतं.

आणि आता तिसरा महिना संपत आला होता. रविवार नऊ दिवसांवर.

"कुठे जातं सगळं?" रिकामे डबे घासता घासता वहिनी पुटपुटत होत्या. पण कुठे जातं, याची त्यांच्या मनात खात्रीच होती. खारू पावाच्या कडा टाकतो. ताईला कोबी दिसला की पोटात दुखतं. आणि मिस्त्री कुणाच्या तरी लिफ्टखाली बसून त्यांच्याकडचं खाऊन येतात आणि घरी आल्यावर ताटाकडे बघून म्हणतात, "आज भूक नाही गं."

शनिवारी कॅन्टीनमधून येताना त्या जुना ताणकाटा घेऊन आल्या. कॅन्टीनमध्ये रोज पंगत उठली की टाकलेल्या अन्नाची बादली या काट्याला लटकवायची आणि किती वजन भरलं ते फळ्यावर लिहायचं, अशी शिस्त होती. फळ्यावर आकडा मोठा दिसला की दुसऱ्या दिवशी कामगार ताटात कमी टाकायचे. लाजेनं माणूस बरंच काही शिकतो.

घरी आल्यावर त्यांनी ओट्याखाली झाकणाचे पाच डबे मांडले. चौघांवर खडूनं नावं लिहिली. पाचव्यावर लिहिलं, फ्रिज.

"आजपासून ज्यानं ताटात टाकलं, ते त्याच्या डब्यात," त्यांनी जाहीर केलं. "फ्रिजमधून जे फेकायचं, ते पाचव्यात. रोज वजन होईल. ताई लिहून ठेवील. पुढच्या रविवारी दुपारी आपण बघू, या घरात आजीचा घास कोण खातंय ते."

"अगं, हे काय कोर्ट आहे का?" मिस्त्री म्हणाले.

"कोर्टात निदान तारीख तरी पुढे मिळते," वहिनी म्हणाल्या. "मला तीही नाही."

पुढचे आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं असेल तर शपथ! मंगळवारी खारूनं पावाच्या कडा ताईच्या डब्यात टाकल्या. ताईनं त्या ओळखल्या, कारण त्यांवर दातांच्या खुणा होत्या. "आई, हा पुढचा एक दात पडलेला आहे. हे माझे दात नाहीत!" असं म्हणत तिनं पुराव्यासकट त्या परत केल्या. बुधवारी मिस्त्री आले आणि सवयीनं म्हणाले, "आज भूक नाही, त्या सातव्या मजल्यावरच्या बाईंनी आग्रह करून..."

"काही हरकत नाही," वहिनी म्हणाल्या. "डबा आहेच की तुमचा. नावाचा."

मिस्त्रींनी डब्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि मुकाट्यानं सगळं जेवून टाकलं. मग पोटावर हात ठेवून ते तासभर खिडकीशी उभे राहिले. ताई तर कोबी नाक दाबून गिळत होती. वहिनींनी हे सगळं बघितलं. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रोज चौघांचे डबे जवळजवळ रिकामे निघत होते, आणि त्यामुळे त्यांचा जीव अधिकच कासावीस होत होता. पकडलं तरी कुणाला पकडायचं? आपण भलत्यांनाच दटावतोय की काय, अशी एक पुसट शंका मनात यायची. ती शंका वहिनी ओट्यासारखीच फडक्यानं पुसून टाकायच्या.

रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली. ताईनं स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आठ दिवसांचे आकडे मांडले होते, प्रत्येकाच्या नावाखाली. वहिनी पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या. मिस्त्री दाराला टेकले. खारू ओट्यावर चढून बसला. एरवी त्याला कुणी बसू दिलं नसतं.

"बाबा," ताईनं वाचायला सुरुवात केली, "आठ दिवसांत मूठभर. खारू, कडा धरून, बाबांच्या दुप्पट. मी त्याहून थोडी कमी. आई, काहीच नाही."

"हं. आणि फ्रिज?"

ताईनं आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आम्हा सगळ्यांचं मिळून जेवढं, त्याच्या दहापट."

टांगलेल्या ताणकाट्याचा हूक खिडकीतल्या वाऱ्यानं हलून भिंतीवर टकटक वाजला.

"असं कसं?" वहिनी उसळल्या. "सगळे तर चाटूनपुसून जेवले! मग उरलं कुठून?"

"मी रोज काय फेकलं तेही लिहिलंय," ताई म्हणाली. तिनं वहीचं पान काढलं. "शनिवारी एक वाटी भात, एक पळी भाजी. रविवारी एक वाटी भात, एक पळी सूप, अर्धा बटाटा. सोमवारी एक वाटी भात, एक पळी कोबी. मंगळवारी एक वाटी भात..."

"हे तर ताट आहे!" खारू ओट्यावरून म्हणाला.

"काय?"

"भात, भाजी, सूप. एका माणसाचं ताट आहे ना ते? कुणाचंय?"

वहिनींनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो ओट्यावरून खाली उतरला. पण प्रश्न काही उतरला नाही.

ताई म्हणाली, "आई, तू आत्ता संध्याकाळचा भात घे बरं. रोज घेतेस तसाच. मी बघते."

"त्यात काय बघायचंय?" असं म्हणत वहिनींनी डबा उघडला, वाटी घेतली आणि तांदूळ पातेल्यात टाकले. एक. दोन. तीन. चार. आणि हात थांबला नाही. डब्यात परत गेला, पाचवी वाटी भरून आली, पातेल्यात पडली, मगच वाटी खाली ठेवली गेली. हे सगळं इतक्या सहज झालं, की मिस्त्रींना कळायलाही क्षण लागला.

"ही कुणाची?" ताईनं विचारलं.

"कुठली?"

"ही पाचवी."

"ही होय? ही वरची." वहिनी म्हणाल्या. "वरची एक घ्यायचीच असते. भांडं कधी तळाला जाऊ द्यायचं नाही. शेवटी कुणीतरी येतोच. आमचे मोठे आचारी पहिल्याच दिवशी म्हणाले, दर चाळीस माणसांमागे..."

आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

मोठे आचारी म्हणजे ज्यांच्या हाताखाली त्या कॅन्टीनचा स्वयंपाक शिकल्या ते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं: माणशी एक वाटी, आणि दर चाळीस माणसांमागे वरची एक. बॉयलरवाला सगळ्यांत शेवटी यायचा, दोन वाजून गेल्यावर, काळाठिक्कर होऊन. त्याला रिकामं पातेलं दाखवायचं नाही, असा कॅन्टीनचा धर्म. अठरा वर्षं वहिनींच्या हातानं ती वरची वाटी घेतली होती. पण कॅन्टीनमध्ये ती चाळिसांमागे एक होती. घरी आल्यावर हातानं बाकी सगळं लहान केलं, मीठ लहान केलं, तेल लहान केलं. वरची वाटी मात्र तशीच राहिली. चौघांमागे एक. भाताला एक वाटी, भाजीला एक पळी, सुपाला एक पळी. दोन्ही वेळा. कोण येणार होतं चौथ्या मजल्यावर?

ताईचा हिशेब आधीच झाला होता. "चाळिसांना एक, तर चौघांना वाटीचा दहावा भाग. आई, चिमूटभर तांदूळ पुरले असते!"

खारू खुदकन हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी या पोराच्या पावाच्या कडा मोजत होते. हिच्या घशात कोबी कोंबला. तुम्हाला पोट दुखेपर्यंत जेवायला लावलं. दबलेल्या टोमॅटोंसाठी भाजीवालीशी भांडले. आणि रोज, स्वतःच्या हातानं..." त्यांनी ती वाटी ओट्यावर आपटली. "आणि तुम्ही! तुम्ही रोज जेवताना समोर बसता. तुम्हालाही दिसलं नाही?"

"दिसत होतं," मिस्त्री चाचरत म्हणाले. "मला वाटलं, ती तुझी पद्धत आहे."

"पद्धत! अहो, मग विचारायचं नाही?"

"तुला? स्वयंपाकातलं?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या अंगात एवढी हिंमत असती, तर मी लिफ्ट कशाला दुरुस्त केल्या असत्या?"

रागवायला समोर तीन माणसं होती आणि एकावरही राग टिकेना. सगळा फिरून आपल्याच अंगावर येत होता. त्यांनी पातेल्यातल्या तांदळाकडे बघितलं. पाच वाट्या. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, राग येताना यायची त्यापेक्षा वेगळी.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणाला होता? जास्तीचं भाडं, आणि वर एका माणसाचं जेवण."

"हो."

"भाडं तर दर महिन्याला साठलंय. डब्यात आहे."

"आहे."

"आणि जेवण मी रोज शिजवतेच आहे! तीन महिने! शिजवते, गार करते आणि फेकते! आईचं ताट या घरात रोज वाढलेलं आहे, फक्त ते खायला तीच नाही!" त्यांचा आवाज चढला. हे बोलताना आपण भांडण जिंकतोय, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. इतक्या त्या चिडल्या होत्या. "ती तिकडे एकटी, काय खाते देव जाणे, आणि तिच्या वाटचं इथे नासतंय!"

मिस्त्रींनी पातेलं उचललं, हातात घेऊन जोखलं आणि परत ठेवलं.

"म्हणजे लिफ्ट पाच माणसांचं ओझं घेऊनच चालली होती," ते सावकाश म्हणाले. "आणि घंटा काही वाजली नाही." त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. "चल. दिवे लागायच्या आत म्हणाली होती ना ती?"

चार मजले उतरताना वहिनी पुढे होत्या. मागच्या गल्लीत घरमालकीण दाराशी मशीन घेऊन बसली होती, तोंडात दोन टाचण्या. "अगदी शेवटच्या घटकेला आलात," टाचण्या न काढताच ती म्हणाली. "मी वाट बघून कंटाळले. दुपारी एक जोडपं येऊन घर बघून गेलं. आणखी तासभर उशीर केला असता, तर त्यांना हो म्हणाले असते."

"आमचं हो आहे," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी रिकामं होणारं घर आत जाऊन बघितलं. उंबरा लहानसा होता. न्हाणीघराच्या फरशीवर त्यांनी पाय घासून बघितला. घसरत नव्हता.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे आईनं उचलायला नेहमीसारखाच वेळ घेतला. वहिनींनी सगळं सांगितलं: तळमजला, तीन खोल्या, मिस्त्री पुढच्या आठवड्यात न्यायला येताहेत. पलीकडून म्हातारा आवाज आला.

"अगं, पण तुमचंच तुम्हाला पुरत नसेल. माझी कशाला भर? आणि आलेच, तर माझ्यासाठी वेगळं काही घालू नकोस हं. मला काय, एवढंसं लागतं. दोन घास. उरलंसुरलं चालतं मला."

वहिनींनी डोळे मिटले. दिवसभराचा, आठ दिवसांचा, तीन महिन्यांचा वैताग एकदम वर आला.

"आई," त्या ओरडल्याच, "उरलंसुरलं या घरात आता काही उरणार नाही! एवढंसं नाही, दोन घास नाही! एक वाटी भात, एक पळी भाजी, एक पळी सूप. पूर्ण. दोन्ही वेळा. आणि टाकलंस तर तुझ्याही नावाचा डबा आहे, सांगून ठेवते!"

इकडे ताईनं ओट्याखालचा पाचवा डबा ओढला, त्यावरचं 'फ्रिज' हे नाव ओल्या फडक्यानं पुसलं आणि खडू शोधायला गेली.